लहान मुलांसोबत मोकळ्यावर कौटुंबिक फोटो: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यात आणि आसपासच्या टेकड्यांवर, बागांत, कधी कोकणातल्या किनाऱ्यावर मी लहान मुलं असलेल्या कुटुंबांचे फोटो काढते. शूट ठरवण्याआधी आईबाबांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. फोटोग्राफर न बोलावता तुम्ही स्वतःच मोबाईलवर फोटो काढणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल. मुलांचं वय साधारण सहा महिने ते सहा वर्षं धरलं आहे.

मूल कॅमेऱ्याकडे बघतच नाही. मग फोटो चांगले कसे येणार?

त्याने कॅमेऱ्याकडे बघावं ही अपेक्षा सोडून द्या, निम्मी अडचण तिथेच संपते. घरोघरी फोटोच्या वेळी काय होतं ते आठवा. फोटो काढणाऱ्याच्या मागे मावशी टाळ्या वाजवते, आजोबा किल्ल्या खुळखुळवतात, काका "इकडे बघ, इकडे!" म्हणून ओरडतो आणि आई मांडीवरच्या मुलाची हनुवटी धरून तोंड समोर वळवते. चारी बाजूंनी हाका आल्या की दीड वर्षाचं मूल एक तर भांबावतं, नाही तर चिडतं. जरा मोठं असेल तर "चीझ" म्हणत दात दाखवतं. ते हसू फोटोत लगेच ओळखू येतं, कारण तोंड हसतं आणि डोळे हसत नाहीत. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आपोआप आकसतो, ठरवून तो तसा हलवणं बहुतेकांना जमत नाही. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी हे १८६२ सालीच नोंदवून ठेवलं आहे.

म्हणून मी पालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: तुम्ही मुलाकडे बघा. मूल हातातल्या काडीकडे बघतंय आणि आई मुलाकडे बघते आहे, हा पूर्ण फोटो आहे. मूल काडीकडे बघतंय आणि आई-बाबा दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, तो फोटो मात्र फसल्यासारखा दिसतो, आणि दोष नेमका मुलाला दिला जातो.

मग आम्ही नेमकं काय करायचं? पोझ कोण सांगणार?

मी पोझ सांगत नाही, काम सांगते. "जवळ उभे राहा आणि हसा" असं म्हटलं की मोठ्या माणसांनाही हातांचं काय करावं ते कळेनासं होतं. त्याऐवजी "आज सकाळी काय खाल्लंस ते बाबाच्या कानात सांग", "त्या झाडापर्यंत कोण आधी पोचतंय बघू", "आईच्या ओंजळीत मावतील तेवढे खडे आण" असं काही सांगितलं की माणसं आपोआप एकमेकांजवळ येतात. सात-आठ महिन्यांच्या बाळाला एवढंही लागत नाही. बाबाने कडेवर घ्यावं आणि आईने त्याच्या पाठीमागून बुवा कुक करावं, बाळ खांद्यावरून वळून वळून हसतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुण्यात बुचाच्या झाडांखाली सकाळी पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. अशाच एका झाडाखाली एका आजींना मी एवढंच म्हटलं, की नातीला वेणी करून दाखवा. बुचाच्या फुलांचे देठ लांब असतात, त्यामुळे सुई-दोरा लागत नाही, देठात देठ गुंतवत जायचं. चार वर्षांची नात एकेक फूल उचलायची, नाकाला लावायची आणि मग आजीच्या तळहातावर ठेवायची. एखाद्याला माती लागलेली असली की आजी फुंकर मारून ते वेणीत घ्यायच्या. मुलीची आई शेजारी उकिडवी बसली होती, तिनेही मध्येच हात घातला. त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. त्या कुटुंबाने मोठा करून घेतला तो फोटो तिघींच्या हातांचा आहे, त्यात कोणाचाच चेहरा पूर्ण दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आईबाबांनी मुलाचा एकेक हात धरून "एक, दोन, तीन" करत झोका द्यायचा, हा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मनगटाला किंवा पंजाला धरून असं उचललं तर कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं आणि मूल कळवळतं. मी हा झोका द्यायला सांगत नाही. उचलायचं तर काखेत हात घालून उचला. वर उडवून झेलण्याचा फोटोही मी मागत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर कोणीच उडवू नये.

कोणती वेळ चांगली, सकाळ की संध्याकाळ?

आधी मुलाची झोप बघायची, मग ऊन. फोटोग्राफर लोक सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताआधीच्या तासाभराला गोल्डन अवर म्हणतात. तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतं आणि कोणाचे डोळे मिचमिचत नाहीत, हे सगळं खरं. पण तुमचं बाळ रोज संध्याकाळी पाचला पेंगत असेल तर सोनेरी ऊन घेऊन करायचं काय?

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी जवळजवळ नेहमी सकाळच सुचवते. झोप झालेली असते, पोट भरलेलं असतं आणि टेकडीवर गर्दी कमी असते. तीनच्या पुढच्या मुलांना दुपारची झोप काढून संध्याकाळी आणलं तरी चालतं. पुण्यात डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मे-जूनमध्ये सातच्या सुमारास किंवा थोडा नंतर. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेसात-आठला पोचलात तरी ऊन कोवळंच मिळतं. मे महिन्यात मात्र आठनंतर ऊन तापायला लागतं. डोंगराच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी किंवा मुळशीसारख्या खोऱ्यात असाल तर सूर्य डोंगराआड लवकर जातो, पंचांगातली सूर्यास्ताची वेळ तिथे उपयोगाची नाही. आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन बघून आलेलं बरं.

भर दुपारीच जमणार असेल तर दाट सावली शोधा. आंब्याची किंवा वडाची सावली एकसारखी असते. गुलमोहर आणि बाभळीची सावली विरळ, तिच्यातून चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडतात आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत.

जागा कुठली निवडावी? प्री-वेडिंगवाले जातात तिथे गेलं तर?

प्री-वेडिंगच्या जागा दोन मोठ्या माणसांसाठी निवडलेल्या असतात. लहान मुलाला लागतं ते वेगळं: पळायला सपाट जमीन, जवळपास वाहनं नाहीत, कडा किंवा विहीर नाही, आणि उचलायला, ओढायला, बघायला काहीतरी. खडे, पानं, मुंग्या, एखादा बांध, एवढं असलं की मुलांचा तास जातो. बॅकग्राउंड देखणं असण्याची गरज पालकांना वाटते त्याच्या निम्मीही नसते, कारण चांगल्या फोटोत ते धूसरच होणार असतं.

पुण्यातल्या तळजाई आणि वेताळ टेकडीवर जुलै ते ऑक्टोबर हिरवं असतं आणि नोव्हेंबरनंतर गवत सोनेरी होतं. ते वाळलेलं गवत फोटोत फार सुंदर दिसतं, पण त्यात कुसळी गवत असतं. त्याची कुसळं मोज्यांत, पायजम्याच्या काठात घुसतात आणि टोचली की मूल पुढे पाऊल टाकत नाही. अशा दिवसांत मुलाला आखूड मोजे नकोत, एक चादर हवी, आणि पायवाट सोडून फार आत जायचं नाही. सह्याद्रीच्या रानात गेलात तर खाजकुयलीच्या शेंगा ओळखणारं कोणी सोबत असू द्या. तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, मुलं हात लावतात आणि मग सगळा दिवस खाजेत जातो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीखाली मोठाली लाल फुलं पडलेली असतात, ती दोन हातांत धरायला मुलांना फार आवडतं. कास पठारावर मात्र मुलाला फुलांत बसवून फोटो काढायचा विचारही करू नका. २०१२ पासून ते पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे आणि तिथली फुलं पायाखाली गेली की पुढच्या वर्षीचं बी गेलं. मुलाला फुलांजवळ वाटेवर उकिडवं बसून बघायला शिकवा, फोटो तसाही छान येतो.

महापालिकेच्या बागांमध्ये मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर आधी फाटकावर विचारा, काही बागांत परवानगी किंवा शुल्क लागतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड आणि लाइट लावायला वेगळी परवानगी लागते.

आणि हे सगळं नको असेल तर सोसायटीचा झोपाळा, गावच्या घराचं अंगण, आजोबा रोज ज्या पारावर बसतात तो पार, या जागांना मी मनापासून पहिली पसंती देते. मूल तिथे आधीच रुळलेलं असतं. काही वर्षांनी ती जागा तशी राहीलच असं नाही, म्हणून तर तिचा फोटो हवा.

कपडे कसे असावेत? सगळ्यांनी एकाच रंगाचे घालायचे का?

एकाच रंगाचे नकोत, एकमेकांना शोभतील असे हवेत. मातकट, फिका पिवळा, निळा, वांगी असे रंग मोकळ्यावर बरे दिसतात. निऑन आणि भडक लाल टी-शर्टचा रंग उन्हात हनुवटीवर आणि मांडीवरच्या बाळाच्या गालावर उतरतो, तो नकोच. अगदी बारीक पट्ट्यांच्या कापडावर डिजिटल फोटोत कधीकधी लाटा उठल्यासारख्या दिसतात. पावसाळ्यात मागे सगळं हिरवं असतं, तेव्हा हिरवे कपडे टाळा.

याहून महत्त्वाचं म्हणजे, मुलाचे कपडे नवेकोरे नसावेत. एकदा धुऊन मऊ झालेला कुर्ता, इलॅस्टिकचा पायजमा, झबलं किंवा बंडी, आणि पायात रोजचे सँडल. जरीची गळपट्टी टोचली की मुलाचा हात सारखा मानेकडे जातो आणि ते प्रत्येक फोटोत दिसतं. आईने असं काही घालावं ज्यात जमिनीवर बसता येईल, मुलाला कडेवर घेता येईल आणि बाळ अंगावर पीत असेल तर सहज पाजता येईल. साडीच नेसायची असेल तर नऊवारीचा विचार करा, काष्टा असल्यामुळे पळता-बसता येतं.

ऐन वेळी मूल रडलं किंवा हट्टाला पेटलं तर?

थांबायचं. पाणी द्या, कुशीत घ्या, पाजा, लांब फिरवून आणा. शूटसाठी म्हणून राखलेल्या वेळात हे सगळं धरलेलं असतं, त्यामुळे माफी मागायची काहीच गरज नाही. मुलाला रागावू मात्र नका. रागावल्यानंतर त्याचा चेहरा बराच वेळ सावरत नाही, आणि पुढच्या वेळी कॅमेरा दिसला की त्याला तेच आठवतं.

कुशीत डोकं खुपसून हुंदके शांत होत असतानाचे फोटो मी लांबून, आईबाबांना विचारून काढते. अनेकांना ते नंतर सगळ्यात जवळचे वाटतात. पण भोकाड पसरलेल्या मुलाचा फोटो गंमत म्हणून काढणं मला पटत नाही. आपल्या रडण्यावर मोठी माणसं हसताहेत हे मुलाला कळतं.

आठ-नऊ महिन्यांच्या आसपास बाळं अनोळखी माणसाला बिचकतात, हे वाढीचं लक्षण आहे. अशा वेळी मी सुरुवातीला कॅमेरा बाहेरच काढत नाही. आईशी गप्पा मारत बसते, बाळाकडे थेट बघतही नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच माझ्या पिशवीचा बंद ओढायला लागतं.

खाऊचं आमिष दाखवावं का? मोबाईलवर कार्टून लावलं तर?

मोबाईल नको. स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलाची नजर ताठरते, आणि तो काढून घेतला की रडारड ठरलेली. खाऊ जरूर आणा, पण आमिष म्हणून नाही, भूक लागेल म्हणून. चुरमुरे, मखाणे, केळं चालेल. चॉकलेटने तोंड आणि कपडे माखतात. घरातलं एक आवडतं खेळणं किंवा ती मळकी, कधीच हातातून न सुटणारी गोधडी आणली तर फारच छान. ती फोटोत आली तर येऊ दे, तिच्याशिवाय या वयाची आठवण अपुरीच आहे.

दोन भावंडं एकमेकांजवळ उभीच राहत नाहीत. काय करावं?

मोठ्याला "बाळाला पापी दे" असं सांगू नका, दिवसभर तेच ऐकून तो कंटाळलेला असतो. त्याला एखादी जबाबदारी द्या: बाळाच्या पायातला बूट काढ, बाळाला तो पक्षी दाखव, हे पान त्याच्या डोक्यावर ठेवून बघ पडतंय का. आधी थोडा वेळ मोठ्याला एकट्याला आईबाबांसोबत द्या, धाकट्याला आजीकडे ठेवा. दुसरं मूल आल्यापासून आईबाबा दोघंही आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेत असं त्याला बऱ्याच दिवसांनी अनुभवायला मिळतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

आजी-आजोबांना सगळे ओळीत, समोर बघणारे हवे असतात. त्यांना कसं समजवायचं?

समजवू नका, तो फोटो काढा. त्यांची ती इच्छा योग्य आहे. मी तो अगदी सुरुवातीलाच काढते, कपडे स्वच्छ आणि केस जागेवर असताना. मोठी माणसं आधी खुर्च्यांवर आणि मागे उभी राहतात, मूल सगळ्यात शेवटी कोणाच्या तरी मांडीवर येतं, आणि भराभर काही फ्रेम घेऊन आम्ही मोकळे होतो. हाक फक्त एकाच माणसाने मारायची, कॅमेऱ्याच्या अगदी डोक्यावरून.

ताठ बसण्याच्या सवयीमागे जुनी कारणं आहेत. १९व्या शतकात एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ हलायचं नसे. युरोपातल्या स्टुडिओंत तर लहान मूल हलू नये म्हणून आईला कापडाखाली लपवून तिच्या मांडीवर मुलाला बसवत, तसे कितीतरी फोटो आजही बघायला मिळतात. आता सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, मुलाला धरून ठेवायची गरज उरलेली नाही.

आजी-आजोबांना फार चालवू नका. गाडी जिथपर्यंत जाते तिथेच जागा बघा आणि घडीची खुर्ची बरोबर घ्या.

बाबांना फोटोचा कंटाळा आहे. ते आलेच तर एका बाजूला उभे राहतात.

त्यांना मूल द्या. खांद्यावर बसवायला, पाठीवर घ्यायला, बूट घालायला. कॅमेऱ्यासमोर संकोचणारा माणूस मुलाच्या नाडीची गाठ सोडवताना स्वतःला विसरतो. आणि त्यांना आधी सांगून ठेवा की हसण्याची सक्ती नाही.

आमच्या घरात सगळे फोटो आईच काढते. ती कुठल्याच फोटोत नाही.

हे मी इतक्या घरांत बघते की यावर खरंच बोलायला हवं. मूल दोन-तीन वर्षांचं होतं आणि अल्बममध्ये आईचा फोटो फक्त वाढदिवसाच्या केकमागे असतो. बाबा, आत्या, मोठी बहीण, कोणीही असो, आठवड्यातून एकदा मोबाईल हातात घ्या आणि आई मुलाचे केस विंचरते, भात कालवते, बागेत झोपाळा ढकलते, तेव्हा न सांगता फोटो काढा. आईनेही "माझा नको, अवतार बघ माझा" म्हणून हात आडवा करू नये. मुलाला मोठेपणी तिचा अवतार दिसणार नाही, ती दिसेल.

बोरन्हाण घराबाहेर करून त्याचे फोटो काढता येतील का?

जरूर. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत दुपारी चारनंतर गच्चीवर किंवा अंगणात हवा आणि उजेड दोन्ही छान असतात. आणि बोरन्हाणात मुलांना काहीच सांगावं लागत नाही. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या डोक्यावरून ओघळल्या की जमलेली सगळी पोरं तुटून पडतात, आणि मध्ये बसलेलं उत्सवमूर्ती मूल एक तर थक्क होऊन बघतं, नाही तर तेही वेचायला लागतं.

ओतणाऱ्या बाईंनी एकदम पालथं न करता मापट्याने थोडं थोडं, डोक्याच्या मागच्या बाजूने ओतावं. त्याने मूल घाबरत नाही आणि चेहराही झाकला जात नाही. फोटो काढणाऱ्याने जमिनीवर बसावं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. हलव्याचे दागिने अगदी शेवटी घाला, मुलं ते चाटतात आणि मग सगळं चिकट होतं. काळ्या कपड्यांवर पांढरा हलवा असला की कॅमेरा काळ्याला उजळ करायच्या नादात हलव्याचे दाणे पांढरेफटक करून टाकतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, थोडा खाली ओढा, म्हणजे दाण्यांचे काटेसुद्धा दिसतात. तीन-चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात बोराची बी, हरभरा, शेंगदाणा, गोळी अडकू शकते, म्हणून एका मोठ्या माणसाने फोटोचं सोडून फक्त तेवढंच बघायचं.

पावसाळ्यात शूट करावं का?

करावं. ढगाळ दिवसाचा उजेड दिवसभर सारखा असतो, कोणाच्याच चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. डबक्यात उड्या मारणाऱ्या मुलाचा फोटो कुठल्याही सोनेरी उन्हाच्या फोटोइतकाच मला आवडतो. टॉवेल, कोरडे कपडे आणि गरम काहीतरी बरोबर ठेवा. धबधबे, ओढे, निसरडे घाट यांपासून लांब राहा. विजा चमकत असतील तर शूट रद्द.

समुद्रावर काय काळजी घ्यावी?

भरती-ओहोटीची वेळ बघूनच जा. ती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ओहोटीला किनारा रुंद होतो आणि ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब पडतं, खड्डे खणायला आणि शिंपले वेचायला तीच वेळ उत्तम. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे संध्याकाळी कॅमेरा समुद्राकडे धरून काढलेल्या फोटोत माणसं काळी येऊ शकतात. सकाळी सूर्य नारळी-पोफळीच्या मागून वर येतो आणि किनारा बराच वेळ सावलीत असतो. नागाव, दिवेआगरसारख्या ठिकाणी लहान मुलांसाठी मला सकाळच बरी वाटते.

काशीदसारख्या किनाऱ्यांवर पाण्याला जोराची ओढ असते. मूल घोट्याइतक्या पाण्यात असलं तरी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, आणि फोटो काढणारा त्यात मोजायचा नाही. पावसाळ्यात पाण्यात जायचंच नाही.

माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. सेटिंग काय ठेवू?

पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद, बसून खेळणाऱ्यासाठी १/५००, कुशीतल्या फोटोसाठी १/२५० पुरतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ऑटोवर टाका. फोटोत थोडे रवाळ दाणे आलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही. एकट्या मुलासाठी अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक, एफचा आकडा लहान तेवढं मागचं जास्त धूसर) एफ २ ठीक, पण चार-पाच माणसं मागेपुढे असतील तर एफ ४ ते ५.६ ठेवा, नाही तर बाबा फोकसमध्ये आणि आजोबा धूसर. ऑटोफोकस कंटिन्युअस (हलत्या माणसावर फोकस धरून ठेवणारा) आणि डोळे ओळखणारा असेल तर तो चालू. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा, मूल त्या आवाजाने वळून बघतं.

३५ मिमीच्या, जास्त परिसर दाखवणाऱ्या लेन्सने तुम्ही खेळाच्या आत असता, ८५ मिमी किंवा ७०-२०० मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने लांब राहून मुलाला मोकळं सोडता येतं. मी सुरुवात लांबच्या लेन्सने करते. सूर्य माणसांच्या मागे असेल तर एक्सपोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि आभाळ पांढरं झालं तर होऊ दे. चेहऱ्यावर उजेड हवा असेल तर खाली पांढरी चादर अंथरून तिच्यावरच सगळ्यांना बसवा. हिरवळीवर उजेड खालून हिरवा होऊन येतो, चादर तोही अडवते.

आणि गुडघ्यावर बसा. मोठ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मूल नेहमी लहान आणि खाली असतं.

फक्त मोबाईल आहे. जमेल?

जमेल. आधी लेन्स पुसा, मुलांच्या घरात ती नेहमी तुपकट असते. मागचा मुख्य कॅमेराच वापरा, झूम करण्यापेक्षा चालत जवळ जा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा. मूल हलत असेल तर पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केसांच्या कडा कापतो. बर्स्ट (एका दाबात भराभर अनेक फोटो) वापरा आणि रात्री बसून एकेका प्रसंगातला एकच फोटो ठेवा, बाकीचे काढून टाका. व्हिडिओतून फोटो काढणं हा शेवटचा उपाय. फोर-के व्हिडिओची एक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते, पण हलणारे हात-पाय तिच्यात बऱ्याचदा फरफटलेले येतात.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. त्याला अनोळखी माणसं आणि आवाज सहन होत नाहीत.

मग त्याच्या ओळखीच्या जागीच करूया. शूटच्या काही दिवस आधी मी माझा आणि जागेचा फोटो पाठवते, तो त्याला दाखवत राहा. त्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, हे मला आधी सांगा. चाकं फिरवणं आवडत असेल तर आपण चाकं फिरवू. मी त्याला हात लावणार नाही, नावाने हाका मारणार नाही, फ्लॅश तर नाहीच. तो जिथे असेल तिथे तुम्ही जाऊन बसा, फोटो तिथे होईल.

गालावरची तीट, गुडघ्याचे ओरखडे, पडलेला दात एडिटिंगमध्ये काढता का?

तीट कधीच नाही, ती आजीने लावलेली असते. दात आणि ओरखडेही राहू देते. डास चावून डोळा सुजला असेल किंवा नाक वाहत असेल तेवढं मात्र पुसते. त्वचा गुळगुळीत करत नाही.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे की नाही?

तुमचा निर्णय. मी कोणाच्याही मुलाचा फोटो लेखी परवानगीशिवाय कुठे टाकत नाही. तुम्ही टाकलेत तर लोकेशन बंद ठेवा, शाळेचा गणवेश किंवा ओळखपत्र दिसत असेल तर टाळा, उघड्या अंगाचे आणि आंघोळीचे फोटो घरच्या अल्बममध्येच राहू द्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला आधी विचारा. ते नाही म्हणालं तर नाही.

फोटो मोठे प्रिंट करायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चालतील?

नाही, तिथे फाइल लहान होते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच डॉक्युमेंट म्हणून मागवा. ८ बाय १२ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) करायला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण ८.६ मेगापिक्सेल. १२ बाय १८ ला १९ मेगापिक्सेलच्या पुढे. भिंतीवर लांबून बघायच्या फ्रेमला त्याहून कमी असलं तरी चालतं. मोबाईल बदलताना किंवा हरवल्यावर फोटो गेल्याचे फोन मला दर काही दिवसांनी येतात, त्यामुळे एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, आजी-आजोबांकडे ठेवा. निदान ४ बाय ६ च्या प्रिंट काढून साध्या अल्बममध्ये लावा, आणि तो अल्बम मुलाचा हात पोचेल अशा कप्प्यात असू द्या.